मिस्त्रीच्या हातचं

"सेल मारू नको म्हणतो ना! बॅटरी उतरली म्हणजे काय सासऱ्याला बोलावतोस धक्का मारायला?"

बोललो आणि जीभ चावली. किसनचा सासरा मुन्शी कासदेकर याला जाऊन अकरा महिने झाले होते, आणि तो याच जीपचा ड्रायव्हर होता. त्याच्यानंतर ती किसनच चालवायचा. किसनने किल्लीवरचा हात काढून घेतला. शेडच्या तोंडाशी कंदील धरून उभ्या असलेल्या गवई सिस्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने बॉनेटमध्ये डोकं घातलं.

बावीस वर्षं झाली याला. चिंचढाणा हे मेळघाटातलं डोंगरावरचं पन्नास-साठ घरांचं गाव. तिथे एका ट्रस्टचा दवाखाना होता आणि दवाखान्याची एक जुनी डिझेल जीप. परतवाड्यात माझं गॅरेज होतं. शेषू मिस्त्री म्हटलं की तेव्हा लांबलांबचे ट्रकवाले नाव काढायचे, आणि ते काढतात हे मला चांगलंच ठाऊक होतं. रोज पहाटे जीप चालू होत नाही असा सिस्टरांचा निरोप आला, तेव्हा मी इंजिन तापवायच्या हीटरचा नवा जोड खिशात घालूनच आदल्या संध्याकाळच्या एसटीने वर चढलो. गाडी पाहायच्या आधीच माझं निदान झालं होतं.

थंडीत डिझेल गाडी दोनच कारणांनी अडते. एक तर डिझेल इंजिनापर्यंत पोचत नाही, नाहीतर पोचतं पण पेटायला गरमी मिळत नाही. कोणतं कारण ते सायलेन्सर सांगतो. सेल मारताना पांढरा धूर आला तर डिझेल पोचतंय, गरमी कमी आहे. धूर आलाच नाही तर डिझेलच नाही. मी मागे जाऊन पाहिलं. पांढरंच पांढरं.

"हीटर गेलेत," मी सांगून टाकलं. "दुपारपर्यंत करून देतो."

जानेवारीची पहाट होती आणि दरीतून धुकं वर आलेलं होतं. शेडमध्ये, शेडबाहेर, माझ्या तोंडासमोर, सगळीकडे पांढरंच होतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

ऊन पडल्यावर गावातल्या दहा जणांनी ढकलून आणि किसनने सेल मारमारून जीप एकदाची चालू केली. मी हीटर खोलले. चारातले दोन खरोखरच जळलेले निघाले. मी ते सिस्टरांना नाचवून दाखवले.

"शेषूभाऊ, एक सांगते," सिस्टर हळूच म्हणाल्या. "रामकलीच्या पोटात मूल आडवं आहे. किसनची बायको ती, मुन्शीची मुलगी. दिवस भरत आलेत. इथे बाळंतपण होणार नाही, तिला खाली न्यावंच लागेल. पण तिची आई तिला या गाडीत बसू देत नाही."

"का म्हणून?"

सिस्टरांनी शेडच्या कोपऱ्याकडे नजर टाकली. तिथे एक उंच, काटकुळी बाई भिंतीला टेकून उभी होती. मुन्शीची बायको सुमरती. ती कधीपासून उभी होती कोण जाणे.

"तुमीच सांगा सिस्टर त्याईले," ती तिथूनच म्हणाली. "नाई तर मी सांगतो. भाऊ, या गाडीनं माह्या मानसाले नेलं नाई. आता ते कोनालेच नेत नाई. सकायी सकायी तो येते तथी. कोनाले हात लावू देत नाई गाडीले. किसनले तर नाईच नाई."

"कोण येतं?"

"कोन येईन? ज्याची गाडी तोच."

किसन तिथेच फडक्याने हात पुसत होता. त्याने मान वर केली नाही.

मग सिस्टरांनी मला सगळं सांगितलं. शेड चढावर बांधलेली होती. मुन्शी जीप नेहमी उलटी आत घालायचा, तोंड उताराकडे करून. रोज संध्याकाळी तेवढ्यासाठी पाच मिनिटं खटाटोप. लोक हसायचे. गेल्या माघात तो छातीत दुखतंय म्हणून पडून होता. बाजाराहून जीप किसनने आणली आणि सरळ आत घातली, तोंड वर. पहाटे साडेपाचला मुन्शीचं दुखणं वाढलं. किसनने सेल मारला, जीप चालू होईना. धक्के मारून झाले. शेवटी मुन्शी स्वतः घोंगडं गुंडाळून शेडमध्ये आला, बॉनेट उघडलं आणि डिझेलचा हातपंप मारू लागला. तो छोटा पंप असतो इंजिनाच्या अंगाला, अंगठ्याने दाबायचा. चक्, चक्, चक्. मारता मारताच तो मडगार्डवर कलंडला.

"तेव्हापासून साडेपाचला तो आवाज येतो," सिस्टर म्हणाल्या. "मी नर्स आहे, शेषूभाऊ. चार बुकं शिकलेली आहे. पण मी ऐकलाय."

"लोखंड थंडीत आकसतं, सिस्टर. टकटक वाजतं."

"असेल," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं, आणि वाईटही वाटलं. मुन्शी माणूस सोन्यासारखा होता. माझ्याशी त्याची ओळख कशी झाली ते आठवलं. पहिल्याच वेळी गॅरेजात तो खिशातून स्वतःचा पाना काढून नट पिळायला लागला, आणि मी त्याच्यावर असा खेकसलो होतो की शेजारचा पानवाला बाहेर येऊन पाहू लागला. "मिस्त्रीच्या हातचं ड्रायव्हरने खोलायचं नसतं! मी बसवलेल्या नटाला पुन्हा पाना लावलास तर तुझी गाडी मी हातात घेणार नाही." तो हसला होता, पाना खिशात घातला होता, आणि म्हणाला होता, "बरं मिस्त्रीभाऊ. तुमच्या हातचं आपन खोलत नाई." हा माझा दम मी पुढे कितीतरी जणांना कौतुकाने सांगितला.

दुपारी नवे हीटर बसवून जीप गावात फिरवून आणली आणि संध्याकाळी मी किसनला किल्ली दिली. एका सेलात जीप चालू झाली. दुपारभर चाललेलीच होती ती, पण मी छाती फुगवून सुमरतीकडे वळलो.

"काय वहिनी? गेला का तुमचा मुन्शी?"

ती जराही हसली नाही. "आता त होतेच चालू. सकायी किसनच्या हातानं, धक्क्याबिगर, एका सेलात झाली, त बसवतो पोरीले. नाई त मी खाटेवर नेतो. चार मानसं सांगून ठेवली हायेत."

"अठ्ठावीस किलोमीटर घाट आहे, बाई!"

"माहीत हाय मले. माहा जनम इथलाच हाय."

सिस्टर डोळ्यांनीच मला विनवत होत्या. खाटेवरून नेलं तर दुपार होईल आणि आडव्या मुलाची बाई दुपारपर्यंत टिकेलच असं नाही, हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. "चालू होईल," मी म्हणालो. "मी इथेच झोपतो, गाडीत. पाहतो कोण येतं ते." किसनने सवयीप्रमाणे जीप तोंड वर करूनच लावली होती. मी ते पाहिलं, आणि पाहून सोडून दिलं.

घोंगडं घेऊन मी मागच्या सीटवर आडवा झालो आणि मेल्यासारखा झोपलो.

जाग आली तेव्हा कोंबडं आरवत होतं. साडेपाचचा सुमार असावा, शेडच्या तोंडाशी धुकं अजून काळंच होतं. चक्. मी पडल्या पडल्याच ऐकलं. चक्, चक्. थांबून थांबून, अंगठा दुखला की माणूस थांबतो तसा. लोखंड आकसल्याचा आवाज मी आयुष्यभर ऐकत आलोय. हा तो नव्हता.

"किसन, पहाटेच कशाला उठलास रे? मी आहे ना."

पंप मात्र चालूच होता. चक्, चक्, चक्. मला राग आला, खरं सांगतो, भीती नंतर आली. मी टॉर्च घेऊन खाली उडी मारली आणि पुढे आलो. आवाज थांबला. बॉनेटच्या समोर कोणी नव्हतं. बॉनेट बंद होतं, दोन्ही बाजूंच्या कड्या मी रात्री लावल्या तशाच लागलेल्या. जमिनीवर माझ्याच चपलांचे ठसे होते.

कड्या काढल्या. मी बॉनेट वर केलं आणि टॉर्च मारली. हातपंपाची अंगठ्याने दाबायची बोंडी वर आलेली होती. संध्याकाळी मी ती दाबून, फिरवून बसवली होती, हे मला पक्कं आठवत होतं. तिला हात लावला आणि तसाच मागे घेतला. त्या पहाटे पाना हाताला चिकटत होता इतकं लोखंड गार होतं. बोंडी कोमट होती. कोणीतरी मुठीत धरून आत्ताच सोडल्यासारखी.

मग टॉर्चचा उजेड आपसूक वर सरकला, डिझेलच्या फिल्टरवरच्या बोल्टकडे. बोल्टखालून डिझेलचा फेस येत होता. बारीक बारीक बुडबुडे एकामागून एक फुगत होते आणि फुटत होते. तिथून हवा जात होती. रात्रभर त्या फटीतून हवा आत शिरते, वर असलेल्या इंजिनाकडचं सगळं डिझेल मागे टाकीत उतरतं, आणि पहाटे नळी कोरडी. त्यात हीटरचा काहीच संबंध नव्हता. गाडीचं तोंड उताराकडे असलं की टाकी वर राहते, डिझेल इंजिनाकडेच थांबतं, आणि फट असली तरी गाडी बोंबलत नाही. मुन्शीचा रोजचा पाच मिनिटांचा खटाटोप त्यासाठी होता.

बोल्टखाली तांब्याचा वायसर असतो, चपटी चकती. ती दर वेळी नवी घालायची. मी टॉर्च जवळ नेली. या वायसरच्या कडेला कानशीने मारलेली एक बारीक तिरपी खूण होती.

ती खूण माझी होती. जुना वायसर तापवून, घासून पुन्हा बसवला की मी तशी खूण करायचो, म्हणजे पुढच्या खेपेला बदलायचं ध्यानात राहावं. अडीच वर्षांपूर्वी मी या जीपचा फिल्टर बदलला होता. नवा वायसर कपाटात होता. उठून घ्यायचा आळस केला होता.

"शेषूभाऊ!" सिस्टर धावत आल्या. "रामकलीला चारपासून कळा सुरू झाल्यात. आता पाणी गेलं. तिला आत्ताच्या आत्ता न्यायला हवं. चालू होतेय का?"

त्यांच्या मागे किसन होता. गाडीकडे पाहून त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "मी किल्लीले हात लावत नाई मिस्त्री. माह्या हातानं नाई होत ते. तो नाई करू देत."

"किसन, मला तांब्याचा वायसर पाहिजे. एवढा." मी बोटांनी माप दाखवलं. "मी फक्त हीटर घेऊन आलो. आहे का काही गाडीच्या पेटीत?"

ड्रायव्हरच्या सीटखाली हात घालून किसनने तंबाखूची एक डबी काढली. मुन्शीची. आत कागदाची पुडी होती आणि पुडीत चकचकीत नवा वायसर.

"हे सासऱ्यानं परतवाड्यातून आनलं होतं. दिवाईच्या आंधी. मी म्हनलं, लावून देऊ ना आपन. त म्हने, मिस्त्रीच्या हातचं आपन खोलत नाई. शेषूभाऊ येतीन, त्याईच्याच हातानं लावू. दोनदा निरोप धाडला त्यानं."

दोनदा. मला आठवलं. एसटीचा कंडक्टर गॅरेजात येऊन सांगून गेला होता, चिंचढाण्याचा मुन्शी म्हणतो, जीपले एक डाव पाहून जा, घाई नाई म्हणे. माझ्या मनात तेवढं 'घाई नाई' राहिलं.

वायसर बदलायला तीन मिनिटं लागली. एवढंच काम होतं ते. मी हातपंप मारला, फेस गेला, स्वच्छ डिझेल आलं. बोल्ट आवळला. "मार किल्ली," मी किसनला म्हणालो.

"तुमी मारा."

"तूच मारायची. मार!"

एका सेलात जीप पेटली. सायलेन्सरमधून पांढरा धूर आला आणि धुक्यात वेगळा ओळखू आला. किसन स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागला. "माफ केलं," तो म्हणत होता. "सासऱ्यानं माफ केलं मले."

मला तिथे गप्प बसता आलं असतं. माझं नाव राहिलं असतं आणि त्याला माफीही मिळाली असती.

सुमरती अंगणात खाटेपाशी उभी होती. खाटेवर रामकली दात आवळून पडली होती आणि चार माणसं दोर बांधत होती. जीप पुढे आली तशी सुमरती खाटेच्या आडवी झाली.

"नाई."

"वहिनी, चालू झाली. किसनच्याच हाताने. एका सेलात."

"माहा कान हाय मले. आता झाली, घाटात बंद पाडीन तो. त्याचा राग गेला का? कायचा राग होता हे कोनाले समजलं का? त्याबिगर मी माही पोर नाई देत."

सिस्टरांनी हात जोडले. किसन खाली उतरून लांब जाऊन उभा राहिला, जणू त्याची सावलीही बायकोवर पडू नये. माणसांनी खाट उचलली. रामकली ओरडली, एकदाच, आणि ती ओरड मला आजही सहन होत नाही.

"राग किसनवर नव्हता," मी म्हणालो. "किसनच्या हातात काही खोट नाही. खोट माझ्या हातात होती. मी जुना वायसर बसवला. हा बघा. मुन्शीला ते माहीत होतं. माझं काम खोलायचं नाही असा मीच त्याला दम दिला होता, म्हणून त्याने खोललं नाही. दोनदा बोलावलं, मी आलो नाही. त्या दिवशी गाडी चालू झाली नाही ती माझ्यामुळे. तो गेला तो माझ्यामुळे."

जीपचं इंजिन एकसारखं चालू होतं. सुमरतीने माझ्या तळहातावरचा वायसर उचलला, डोळ्यांजवळ नेला, ती खूण अंगठ्याने चाचपली.

"अकरा महिने," ती म्हणाली, "मी या लेकराच्या हातचं पानी नाई पेलं."

ती किसनजवळ गेली आणि त्याचा दंड धरून त्याला ड्रायव्हरच्या सीटपाशी घेऊन आली. मग माणसांना म्हणाली, "घ्या पोरीले गाडीत." आणि माझ्याकडे न पाहता, "तुमी बी बसा मांगं. बंद पडली त तुमीच उतराचं."

घाटात जीप एकदाही अडली नाही. परतवाड्याच्या दवाखान्यात नऊच्या सुमारास ऑपरेशन झालं. मुलगी झाली. आई आणि लेक दोघी वाचल्या. बाहेरच्या बाकावर सुमरती माझ्या शेजारी बसली होती, दोन माणसांचं अंतर ठेवून. मी सिस्टरांना बाजूला घेऊन विचारलं, पहाटे साडेपाचला किसन कुठे होता?

"चारपासून रामकलीच्या उशाशी. का हो?"

"काही नाही," मी म्हणालो.

तो आवाज त्यानंतर कोणी ऐकला नाही.

उन्हाळ्यात मला निरोप आला, त्याच कंडक्टरकडून. मुन्शीचा खांब रोवायचा होता. कोरकूंमध्ये माणूस गेला की पुढे सोयीने त्याचा शेवटचा विधी करतात, सिडोली म्हणतात त्याला, आणि त्याच्या नावाचा सागाचा कोरीव खांब उभा करतात. खांबावर घोड्यावर बसलेला माणूस असतो, वर सूर्य आणि चंद्र. या वेळी मी लगेच गेलो. मला हाकलून दिलं असतं तरी मी निमूट परतलो असतो.

खांब झाडाखाली उभा होता. घोड्याच्या जागी सुताराने जीप कोरली होती, तोंड खाली उताराकडे केलेली. आत एक माणूस. वर एका बाजूला चंद्राची कोर. दुसऱ्या बाजूला, सूर्याच्या जागी, लाकडात खोबणी करून माझा तो वायसर ठोकून बसवला होता. घासून लख्ख केलेला. कानशीची खूण तेवढी तशीच ठेवली होती.

मी तो पाहत उभा राहिलो. किसन मुलीला कडेवर घेऊन आला. "किसन," मी म्हणालो, "हा काढून टाका रे. मी तुम्हाला नवा, चांगल्या तांब्याचा आणून देतो."

त्याने सुमरतीकडे पाहिलं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"राहू द्या," ती म्हणाली. "मिस्त्रीच्या हातचं हाय. आमी खोलत नाई."